मेंढरांनी पेरलेलं रान

आमच्या नव्या घरात चूल नव्हती. चार भिंती होत्या, वर पत्रा होता, दाराला कडी होती, कोनाड्यात बिरोबाची तसबीर होती. पण चुलीच्या जागी आईने तीन धोंडे मांडले होते. रानात मुक्काम पडला की मांडतात तसेच, दोन समोर नि एक मागे. शेजारणी म्हणायच्या, हौसाबाई, एवढ्या दिसांत दोन पाट्या माती नाही का मिळाली? आई म्हणायची, आणते की. आणत मात्र नव्हती. तिचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. दिवाळी झाली की संसार घोड्याच्या पाठीवर टाकायचा, कुंडल-पलूसच्या काळ्या रानांकडे उतरायचं, शेतकरी सांगेल त्याच्या वावरात खतासाठी रात्रभर मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर यायचं. कायमच्या मुक्कामावर तिचा विश्वासच नव्हता. मी शाळेत निघताना रोज त्या धोंड्यांकडे बघायचे. ते तिथे होते म्हणजे आम्ही अजून उठून जाऊ शकत होतो. मी जन्माची घाबरट, त्यात दहावीचं वर्ष. आधीच्या वर्षांत माझं नाव कधी ह्या शाळेत तर कधी त्या शाळेत असायचं, नि मी दोन्हीकडे नसायचे. सलग एका बाकावर बसायचं सुख मला नुकतंच कळलं होतं, आणि कळल्यापासून ते जाईल ह्याची भीती मला कायम असायची.

आम्ही थांबलो होतो ते राखणीमुळे. आमची वाडी सांगली जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या अंगाला, जिथून पुढे साताऱ्याची हद्द लागते. वाडीच्या वर बिरोबाचा उतार आणि उताराच्या पायथ्याशी ओढा. ओढा म्हणायचं ते नावालाच. दोन्ही काठांवर वेडी बाभूळ अशी माजली होती की मेंढरू आत शिरलं तर अंगावरची लोकर काट्यांना ठेवूनच बाहेर यायचं. तळाला गाळ, गाळात चपला, पिशव्या, फुटक्या घागरी. आमच्या वाडीतले सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आले तेव्हा हे बघून म्हणे त्यांना झोप लागेना. घरचं पोटापुरतं रान, मुलगा पुण्याला, हाताला काम नाही आणि अंगात शिस्त भरलेली, तेव्हा माणूस काय करणार? दर रविवारी सकाळी ते टिकाव घेऊन ओढ्यात उतरायचे आणि रिकाम्या ओढ्याला ‘फॉल इन’ असा रांगेत उभं राहायचा हुकूम सोडायचे. लोक काठावर बसून हसले. मग हसता हसता एकेक जण खाली उतरला. बाभळी मुळासकट काढल्या, गाळ उपसून कडेच्या वावरांत टाकला, वरच्या घळींतून दगडी बांध घातले. मी दगडांच्या रांगेत उभी राहायचे. माझ्या हातून पुढे गेलेले धोंडे आजही तिथे आहेत आणि त्यातला एक मला ओळखू येतो, असं म्हटलं तर माझी मुलगी हसते.

ओढा मोकळा झाल्यावर सुभेदारांनी उताराकडे नजर वळवली. वरचा उतार बोडका राहिला तर गाळ परत येणारच. म्हणून गावाने ठरवलं की बिरोबाच्या उतारावर चराई बंद, कुऱ्हाड बंद. ठराव कागदावर केला असता तर चार दिवसांत विसरला गेला असता. सुभेदारांनी सगळ्यांना देवापुढे उभं केलं आणि एकेका घराने ताटातला भंडारा उचलला. हळदीची ती चिमूट हातात घेऊन दिलेला शब्द मोडायला आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. राखणदार म्हणून माझ्या वडिलांचं, आबांचं, नाव निघालं तेव्हा मंडळी खो खो हसली. मेंढक्यालाच कुरणाचा राखणदार केला, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सुभेदार म्हणाले, ज्याला चोरवाटा ठाऊक त्यालाच पहाऱ्यावर ठेवायचा असतो. बदल्यात एवढंच ठरलं की राखणीतलं गवत वाढलं की आबांनी विळ्याने कापून आपल्या मेंढरांना घालावं. मेंढरांनी तोंड लावायचं नाही, माणसाने कापून न्यायचं. त्या गवतावर आमची मेंढरं जगत होती, मेंढरं जागेवर होती म्हणून आम्ही जागेवर होतो, आणि आम्ही जागेवर होतो म्हणून मी बाकावर होते. राखण गेली की सगळंच जाणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसांतलं घर आठवलं की आधी आवाज ऐकू येतात. भिंतीपलीकडे मेंढरांचं रवंथ, कोकरांचं चिरकं बेंबाटणं, पत्र्यावर चिमण्यांची नखं. सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची, तिखट आणि गरम, आणि आबा ते उभ्यानेच प्यायचे. त्यांना बसून खायची सवयच नव्हती. राखणीवर दिवसभर एका जागी थांबणं त्यांना जड जायचं. काठी खांद्यावर आडवी टाकून ते उताराच्या कडेकडेने फिरत राहायचे. एक कुत्रं, एक काठी आणि चालणारी दोन पावलं ह्यांच्यावर त्यांचं आयुष्य उभं होतं, आणि आमच्यासाठी ते त्यांनी आवरून धरलं होतं. मेंढीच्या दुधाचा दाट चहा पिताना ते कधीकधी पश्चिमेकडे बघत बसायचे. तेवढ्यानेही माझा जीव खालीवर व्हायचा.

राखणीत झाडं लावायची सुभेदारांना भारी हौस. त्यांची सासुरवाडी मेढ्याकडची, डोंगरातली, पावसाची. तिकडून त्यांनी ट्रॅक्टर भरून जांभळीची रोपं आणली. आमच्या माळाच्या उन्हात ती बिचारी सासरी आलेल्या पोरीसारखी मान टाकून उभी राहिली आणि होळीच्या आत वाळून गेली. मग ठरलं की इथल्याच झाडांचं बी पेरायचं: हिवर, खैर, कुठे चिंच. पण उतार सगळा मुरूम. त्यात बी टाकायचं म्हणजे तव्यावर टाकल्यासारखंच. रविवारच्या कामानंतर ह्यावर बोलणं चाललं असताना आबा म्हणाले की खत पाहिजे तर मेंढरं बसवू. सगळ्यांच्या माना डोलल्या. मेंढराच्या लेंडीसारखं खत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कृष्णाकाठचे बागायतदार त्यासाठी मेंढक्यांच्या मिनतवाऱ्या करतात. विलासभाऊंनी तेवढी भंडाऱ्याची आठवण करून दिली. विलासभाऊ म्हणजे गावातलं फटकळ तोंड, मात्र रविवारी कामाला सगळ्यात आधी हजर. आबा म्हणाले, तोंड लावू देणार नाही, नुसती बसवू. तिथलं गवत आधी कापून घेतो. सुभेदारांनी लगेच हुकूम सोडला आणि त्यावर सगळ्यांनी चहा घेतला.

तो उन्हाळा फार वाईट होता. कापलेलं गवत संपलं, कडबा कुणाकडे नव्हता. हिरवी होती ती फक्त वेडी बाभूळ, ओढ्यातली काढली तरी गायरानात, रस्त्याकडेला, सगळीकडे उरलेली. तिच्या पिवळ्या शेंगा झाडाखाली सडा पडल्यासारख्या पडायच्या. मी नि आई सकाळीच पोती घेऊन निघायचो आणि वेचून आणायचो. त्या गोड असतात. मी चघळून बघितल्यात, गुळाच्या काकवीची आठवण येते. मेंढरं तर वेडी व्हायची. दिवसभर शेंगा खाऊन टम्म झालेली मेंढरं आबा संध्याकाळी राखणीत न्यायचे. मेखा ठोकून भोवती वाघर लावायची, म्हणजे सुताची जाळी, चारी बाजूंनी ताणलेली. त्या चौकोनात मेंढरं बसायची. दुसऱ्या दिवशी वाघर उपसून शेजारी लावायची, मग त्याच्या शेजारी. असा सगळा उतार आबांनी चौकोन-चौकोन करून खतवला. एका काडीला मेंढरांनी तोंड लावलं नाही. आबांच्या कामाचा मला इतका अभिमान वाटला होता की शाळेतल्या मैत्रिणींना मी ते बघायला नेलं होतं.

पावसाच्या तोंडाला आम्ही उतारभर मुठीने बी फेकलं. पाऊस झाला आणि उतार उगवला. म्हणजे किती उगवावा! जिथे जांभळीचं एक पान टिकलं नव्हतं तिथे बोटभर उंचीची रोपं, पिसासारख्या बारीक पानांची, दाटीवाटीने वर आली. हिवराची पानं तशीच, खैराचीही तशीच. कोवळेपणी ती सगळी मला तरी एका आईची लेकरं वाटायची. सुभेदारांचं तर पाऊल जमिनीवर नव्हतं. हिवर, खैर अशी ते बोटाने रोपं दाखवत फिरायचे. रविवारच्या मंडळींनी रोपांभोवती दगडांची आळी केली. शाळेतल्या पोरांना रोपं वाटून दिली. मध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा आम्ही मोकळ्या केलेल्या ओढ्यातून कळशा भरभरून वर नेल्या आणि एकेका रोपाला ओंजळीने पाणी घातलं. माझ्या वाटणीच्या रोपांना मी नावंही ठेवली होती. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र कितीतरी दिवसांनी मी निर्धास्त झोपत होते. एवढी झाडं आली म्हणजे राखण टिकली. आईला आता माती आणावीच लागेल असं मी मनात धरून चालले होते.

एका सकाळी आबांनी मला शाळेच्या वाटेवरून हाक मारून वर नेलं. बिरोबाच्या देवळामागे उताराचा माथा आहे. तिथून खालचं सगळं एका नजरेत दिसतं. आबांनी काठीने खाली दाखवलं.

“काय दिसतंय, संगे?”

मी म्हटलं, रोपं.

“आन कशी दिसत्यात?”

मी बघितलं. खाली वावरताना कधी लक्षात आलं नव्हतं. रोपं उतारभर नव्हती. ती चौकोनात होती. एक हिरवा चौकोन, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. मधल्या पट्ट्या, जिथे वाघरीच्या मेखा होत्या, तेवढ्या मोकळ्या. आम्ही बी तर मुठीने सगळीकडे फेकलं होतं. आबांनी एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. पानाच्या बेचक्यात, नखाने चाचपावं लागेल इतका, एक काटा फुटत होता, खैरासारखा वाकडा नाही नि हिवरासारखा पांढरा नाही. वेडी बाभूळ. मेंढरांनी शेंगा पचवल्या, बी पचलं नाही. उलट पोटातून गेल्याने त्याचं टणक कवच मऊ पडलं, आणि वर लेंडीखत.

हे आधी कसं कळलं नाही, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. पिढ्यान्पिढ्या मेंढरं बसवणाऱ्या माणसांना आपल्याच मेंढराच्या पोटात काय असतं ते कळू नये? पण मेंढरं बसवतात ती वावरात. मेंढरं उठली की मागून नांगर येतो, कुळव येतो, आणि उगवलेलं सगळं मातीखाली जातं. बाभळीचं रोप वर आलेलं बघायला तिथे कुणी थांबतच नाही. मेंढका तर तेव्हा पुढच्या गावाला गेलेला असतो. राखणीत नांगर फिरणार नव्हता. नांगर न फिरणाऱ्या जमिनीत मेंढरं बसवायची हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आम्ही पहिल्यांदाच एका जागी राहिलो, आणि एका जागी राहिल्यावर काय दिसतं ते आम्हाला पहिल्यांदाच दिसलं.

घरी आल्यावर आबांनी आईला सांगितलं. ती बाजरी निवडत होती. सुपातला हात थांबला नाही.

“बोलू नगा,” ती म्हणाली. “कुनाला कळतंय? पोरीचं धाव्वीचं वरीस हाय.”

“काटा आला म्हंजी समद्यास्नी कळंल.”

“तवाचं तवा बगू.”

“तवर मुळ्या खाली जात्याल, हौसा. मग उपटून निगायचं न्हाई. तोडलं तर धा फुटवं येत्यात. वडा परत बुजंल.”

आईने सूप उचलून बाजरी पाखडायला घेतली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मनातल्या मनात आईच्या बाजूने होते, हे मी उघड सांगते. रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शाळेत फळ्यावर काय लिहिलं ते दिसायचं नाही. घरी भाकरी थापल्याचा आवाज तेवढा यायचा, नेहमीपेक्षा जोरात. येता-जाता सुभेदार भेटायचे आणि माझ्या रोपांची खुशाली विचारायचे. मी बरी आहेत म्हणायचे आणि पळायचे. रोज रोपं थोडी वर आणि थोडी खाली वाढत होती. वरची वाढ दिसायची. भीती होती ती खालच्या वाढीची.

रविवारी मंडळी कळशा घेऊन उताराला लागणार तेवढ्यात आबा वाटेत आडवे उभे राहिले.

“सुभेदार, थांबा. ह्यास्नी पानी घालू नगा.”

“का रं, म्हाकू?”

“ही हिवर न्हाई, खैर न्हाई. येडी बाबळ हाय. माज्या मेंढरांनी पेरलीया.”

सुभेदारांनी एक रोप उपटलं, चष्मा वर करून बेचका बघितला. मग दुसरं, मग तिसरं, लांब जाऊन आणखी एक. परत आले ते बांधावर बसले आणि डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या माणसाला टोपीशिवाय बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मागून कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, भंडारा मोडला, त्याचंच हे फळ. कुणी म्हणालं, मेंढक्यावर विसंबलो तिथंच चुकलं. आबा काठीला टेकून सगळं ऐकत होते. सुभेदारांनी हात वर केला तेव्हा सगळे गप्प झाले. ते म्हणाले की मेंढरं बसवायचा हुकूम आपला होता, तेव्हा जबाबदारी आपली, म्हाकूला कुणी बोट दाखवायचं नाही. मला वाटलं, वाचलो. पण विलासभाऊ पुढे आले.

“हुकूम तुमचा, पर प्वाट मेंढरांचं. आज हे काढाल. पुढल्या उन्हाळ्याला मेंढरं परत शेंगा खानार आन वड्याच्या काठालाच बसनार. म्हंजी पुन्यांदा हेच की.”

मला त्यांचा इतका राग आला की दगड उचलावासा वाटला. आज वाटतं, त्या सकाळी खरं बोलणारी माणसं दोनच होती, एक आबा आणि दुसरे विलासभाऊ. आबांनी मान हलवली. “विलासभाऊंचं खरं हाय,” ते म्हणाले. “मेंढरं मी हलवतो.” एवढंच. पुढे कुठे, कधी, आम्हाला घेऊन की ठेवून, काही नाही. मी आईकडे बघितलं. ती घमेलं डोक्यावर घेऊन घराकडे निघालीसुद्धा होती.

रोपं उपटायचा प्रश्न तसाच राहिला. जमीन ओली आहे तोवरच ती निघणार होती आणि आभाळ तर उघडत चाललं होतं. पण भांगलणीचे दिवस. प्रत्येकाच्या वावरात तण माजलेलं, बाया आपापल्या पातीला लागलेल्या. स्वतःचं पीक टाकून गावकीच्या उतारावर कोण येणार? सुभेदार घरोघर गेले. सगळ्यांनी बघू म्हटलं, आणि आमच्याकडे बघू म्हणजे नाही. तेव्हा आईने डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली. तिने श्रमदानाचं नाव काढलं नाही. तिने इर्जिक घातली. आमच्याकडे एखाद्याचं काम अडलं की तो घरोघर जाऊन इर्जिकीला बोलावतो. सगळ्यांनी यायचं, एका दिवसात त्याचं काम उरकायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. इर्जिकीला नाही म्हणायचं नसतं, कारण उद्या आपल्यालाही बोलवायची पाळी येते. मी तिच्यामागून फिरत होते. पहिल्याच दारात विलासभाऊंच्या बायकोने विचारलं की इर्जिक कुणाच्या रानाची.

“आमच्या,” आई म्हणाली.

“तुमाला कुटं रान हाय, हौसाबाई?”

“हाय की. वड्यावरचं.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने अंगणात मोठं चुलाण पेटवलं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची होती. लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात बोटांनी वळलेली शेंगोळी सोडायची, गावाला पुरेल एवढी. पीठ मळताना तिचा घाम पिठात पडेल असं मला वाटत होतं. उन्हं उताराच्या माथ्यावर आली तरी कुणी आलं नव्हतं. आबा, मी आणि सुभेदार. सुभेदारांनी टोपी घातली होती. त्यांनी आम्हा दोघांकडे बघून हळूच ‘फॉल इन’ म्हटलं आणि आम्ही पहिल्या चौकोनात वाकलो. रोप बुडाशी दोन बोटांत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. पांढरी मुळी दोऱ्यासारखी निघून यायची. पण काही ठिकाणी टक् असा आवाज व्हायचा. म्हणजे मुळी तुटली, म्हणजे ते परत येणार, म्हणजे खुरप्याने उकरायचं. दर टक् ला मी दचकायचे. एका चौकोनाचा एक कोपरा निघाला तेव्हा मी मान वर करून उतार बघितला आणि मला रडू फुटलं. एवढं तीन माणसांच्यानं व्हायचं नव्हतं. आबा म्हणाले, वर बघू नकोस, हाताखाली बघ.

मी हाताखाली बघत होते म्हणून बाया आलेल्या मला दिसल्या नाहीत. बांगड्या आणि खुरपी वाजली तेव्हा कळलं. विलासभाऊंची बायको पुढे, मागे अख्खी आळी, मग दुसरी आळी. मागून विलासभाऊही आले, कुणाशी न बोलता शेवटच्या चौकोनात जाऊन बसले. भांगलणीची पात धरतात तशी बायांनी उतारावर आडव्या ओळीत बसून पात धरली आणि खालून वर सरकायला लागल्या. त्यांचे हात आमच्या तिप्पट चालत होते. कुणीतरी मला चिडवलं की संगीताबाई, तुमच्या नावाच्या रोपांना आधी हात लावू की मागनं? सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मी पुन्हापुन्हा घराकडे बघत होते. अंगणात घोड्याचं खोगीर काढून ठेवलेलं दिसत होतं. वाघर गुंडाळून ठेवली होती. कशासाठी आणि कुणासाठी, हे मी विचारलं नव्हतं, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

सगळे चौकोन निघाले तेव्हा उन्हं कलली होती. पंगत आमच्या अंगणात बसली. शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा. आई वाढत होती. सुभेदारांनी पहिला घास घ्यायच्या आधी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. म्हाकू मेंढरं घेऊन निघाला, मग आता राखणीचं काय, राखणदार कोण? ओळीने सगळ्यांचे हात ताटात थांबले. आबांनी खाली बघितलं. आई वाकून विलासभाऊंच्या ताटात शेंगोळी वाढत होती, ती तशीच वाढत राहिली.

“आदी जेवा,” ती म्हणाली. “मी कुटं निगालीया?”

आबा दुसऱ्या सकाळी गेले. पावसाळ्यात कृष्णेकडे जाता येत नाही, काळ्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. म्हणून ते जतच्या कोरड्या माळाकडे वळले, आणि दिवाळीनंतर तिकडून खाली. बरोबर चुलतभावाची मेंढरं होती, पण भाकरी करायला कुणी नव्हतं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पास हो म्हणाले. ते वळणाआड जाईपर्यंत आई दारात उभी होती. मग ती पाटी घेऊन ओढ्यावर गेली आणि आम्हीच उपसून काठावर टाकलेल्या गाळातली चिकणी माती घेऊन आली. तीन धोंडे उचलून तिने बाहेर टाकले. दुपारभर तिने चूल घातली, बोटांनी कडा गुळगुळीत केल्या, वर पोतेरं फिरवलं. ज्या दिवसाची मी इतकी वाट बघितली होती तो दिवस हा होता, आणि मला त्या चुलीकडे बघवत नव्हतं. आम्ही राहिलो ते आबा गेले म्हणून. पुढे कित्येक वर्षं ते बिरोबाच्या यात्रेला यायचे, चार दिवस त्या चुलीपुढे बसून जेवायचे, आणि पाहुण्यासारखे निघून जायचे.

आता मी कुंडलला असते. ज्या काळ्या वावरांत आबा मेंढरं बसवायचे, तिथल्याच शाळेत शिकवून शिकवून माझे केस पांढरे व्हायला लागलेत. आबा नाहीत. आईचे गुडघे गेलेत, पण राखणीत कुणाची शेळी शिरली तर तिचा आवाज अजून माथ्यापर्यंत पोचतो. उतारावर हिवर आहेत, खैर आहेत, सावली आहे, आणि ओढ्याला पाऊस सरल्यावरही बरेच दिवस पाणी असतं. वेड्या बाभळीचं बी मात्र जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतं. त्यामुळे दर पावसाळ्यात त्या चौकोनांच्या जागी काही रोपं वर यायचीच आणि दर पावसाळ्यात आई इर्जिक घालायची. माझ्यासकट बाया यायच्या, पात धरायच्या, उपटायच्या, शेंगोळी खायच्या. आधी आम्ही वैतागायचो. मग ती संख्या कमी होत गेली, तसं मला वेगळंच काहीतरी वाटायला लागलं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आबांच्या हातचं ह्या उतारावर तेवढंच उरलं होतं.

यंदा आम्ही खालून वर पात धरली. माथ्यापर्यंत आलो. कुणाच्याही हातात एकसुद्धा रोप नव्हतं. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सुभेदार, आता पार वाकलेले, देवळापाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, किती निघाली. मी म्हटलं, यंदा काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी परत खाली वळून बघितलं. चौकोन आता ओळखू येत नव्हते, सगळीकडे सारखंच गवत. घरी चुलीवर आईने शेंगोळीचं पातेलं ठेवलं होतं, गावाला पुरेल एवढं. मी तिला सांगितलं. तिने पळीने ढवळणं थांबवलं.

“नीट बगितलं का?” ती म्हणाली. “वरच्या अंगाला, शेवटची वाघर लावली हुती, तितं?”

मी म्हटलं, तिथेही बघितलं.

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली की पुढच्या वर्षीही बोलवायचं सगळ्यांना. मी विचारलं, काय उपटायला?

“काय न्हाई,” आई म्हणाली. “जेवायला.”